खुल्या पाण्यातील जलतरण : पदके आणि काठावरची माणसे

(निपाणी-बेळगाव परिसरातील क्रीडाशिक्षक, पालक व युवक मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



उन्हाळ्याची सुट्टी लागली की या भागातील गावोगावच्या विहिरी गजबजू लागतात. पाठीला वाळला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधलेली मुले पायऱ्यांवर रांगेने उभी राहतात. वडीलधारे कोणीतरी मुलाच्या कमरेला बांधलेल्या दोरीचे टोक हातात धरून काठावर बसलेले असते. आठ-पंधरा दिवसांत डबा सुटतो, पुढे दोरीही सुटते आणि सुट्टी संपण्यापूर्वी तेच पोर विहिरीच्या कठड्यावरून मुटका मारू लागते. कित्येक पिढ्या या भागातील माणसे अशीच पोहायला शिकली. या शिक्षणाला शाळा नव्हती, शुल्क नव्हते, प्रमाणपत्रही नव्हते. एक नियम मात्र कसोशीने पाळला जाई. काठावर जाणते माणूस असल्याखेरीज नवशिक्याने पाण्यात उतरायचे नाही.

खुल्या पाण्यातील आंतरराष्ट्रीय जलतरण स्पर्धा आणि त्यांतील पदकविजेते हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा विषय दूर देशीच्या समुद्रांचा व सरोवरांचा वाटला, तरी त्याचे मर्म विहिरीच्या काठावरील त्या दोरीतच आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

खुल्या पाण्यातील जलतरण म्हणजे समुद्र, खाडी, नदी, सरोवर किंवा कालवा यांतील पोहणे. बांधीव तरणतलावात पाणी स्थिर असते, तळाशी काळी रेघ असते, पन्नास मीटरवर भिंत असते. खुल्या पाण्यात यांपैकी काहीच नसते. तेथे लाट असते, ओढ असते, वारा असतो, पाण्याचे तापमान तासागणिक बदलत असते. म्हणूनच या प्रकारात विश्वविक्रमाची नोंद ठेवली जात नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या दहा किलोमीटर शर्यतीतील विजेतीला १ तास ५९ मिनिटे लागली, तर पॅरिसच्या सीन नदीतील विजेतीला २ तास ३ मिनिटे लागली. एवढ्यावरून दुसरी पहिलीपेक्षा कमी ठरत नाही. पाणी निराळे होते, इतकाच त्याचा अर्थ.

वस्तुतः जलतरणाची ऑलिंपिक परंपराच खुल्या पाण्यात सुरू झाली. १८९६ साली अथेन्स येथे पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हा जलतरणाच्या शर्यती तेथील समुद्राच्या उपसागरात झाल्या. पाणी अतिशय थंड होते व लाटा उसळत होत्या. अंगाला चरबी चोपडून उतरलेल्या आल्फ्रेद हायोश या अठरा वर्षांच्या हंगेरियन तरुणाने १०० मीटर व १२०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. ऑलिंपिकमधील जलतरणाचा हा पहिला सुवर्णपदक विजेता. तो तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील डॅन्यूब नदीत बुडून मरण पावले होते आणि त्या आघातानंतर त्याने उत्तम पोहणारा होण्याचा निश्चय केला होता. जलतरणातील पहिल्या ऑलिंपिक पदकाच्या मुळाशी नदीत गेलेला एक जीव आहे, ही गोष्ट नदीकाठच्या लोकांनी विसरू नये अशी आहे.

पुढे १९०० साली पॅरिसच्या सीन नदीत व १९०४ साली सेंट लुईस येथील तळ्यात शर्यती झाल्या. त्यानंतर हळूहळू ऑलिंपिक जलतरण बांधीव तलावात गेले आणि खुले पाणी जवळजवळ शंभर वर्षे ऑलिंपिकबाहेर राहिले. या काळात खुल्या पाण्याची परंपरा जिवंत ठेवली ती खाड्या व सामुद्रधुन्या पोहणाऱ्यांनी. कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी ऑगस्ट १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली. त्यांना २१ तास ४५ मिनिटे लागली. १९२६ साली अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्ले ही खाडी पोहणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. आपल्या उपखंडातून ब्रोजेन दास यांनी ऑगस्ट १९५८ मध्ये हा पराक्रम केला व ते पहिले आशियाई ठरले. पाठोपाठ २७ सप्टेंबर १९५८ रोजी मिहिर सेन यांनी खाडी पार करून पहिल्या भारतीयाचा मान मिळविला.

आरती साहा यांची कथा येथे थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. ऑगस्ट १९५९ मधील त्यांचा पहिला प्रयत्न फसला. मार्गदर्शक नाव वेळेवर न आल्याने त्यांना उशिरा पाण्यात उतरावे लागले. भरती-ओहोटीचे गणित चुकले आणि इंग्लंडचा किनारा अवघा काही मैलांवर असता उलट ओढीपुढे त्यांना माघार घ्यावी लागली. महिनाभरातच, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, त्या पुन्हा उतरल्या आणि १६ तास २० मिनिटांत खाडी पोहून जाणाऱ्या पहिल्या आशियाई महिला झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. दोन्ही वेळा पोहणारी तीच, मार्ग तोच. पहिल्या खेपेस पाण्यात उतरण्याची वेळ चुकली होती, आणि ती चूक पोहणारीची नव्हती.

मराठी मुलखानेही या क्षेत्रात भरघोस वाटा उचलला आहे. मुंबईच्या अनिता सूद यांनी १९८७ मध्ये इंग्लिश खाडी ८ तास १५ मिनिटांत पार केली. मुंबईचेच तारानाथ शेणॉय यांना ऐकू येत नसे. तरीही त्यांनी ही खाडी एकाहून अधिक वेळा पोहून पार केली. रूपाली रेपाळे यांनी १९९४ मध्ये, वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी, हेच साहस केले. पुण्याचे रोहन मोरे यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून जगातील सात अवघड सागरी मार्गांची मालिका पूर्ण केली. अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई होत. इंग्लिश खाडी, कॅटालिना, मोलोकाई, जिब्राल्टर, त्सुगारू, नॉर्थ चॅनल आणि कुक असे हे सात मार्ग आहेत. कोठे कडाक्याची थंडी, कोठे विषारी दंश करणारे जेलीफिश, कोठे प्रचंड ओढ, अशी प्रत्येकाची परीक्षा निराळी. नवी मुंबईचे प्रभात कोळी यांनीही २०२३ मध्ये ही मालिका वयाच्या तेविसाव्या वर्षी पुरी केली. या साऱ्या मोहिमांत पोहणाऱ्याने नावेला हात लावायचा नसतो; पाणी व अन्न काठीने किंवा दोरीने पोहोचविले जाते. एक पोहतो आणि नावेवरील चार-सहा माणसे रात्रभर जागतात.

आता पदकांच्या स्पर्धांकडे वळू. जागतिक जलतरण अजिंक्यपद स्पर्धेत खुल्या पाण्यातील शर्यत प्रथम १९९१ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाली. ती २५ किलोमीटरची होती. पुरुषांत अमेरिकेचा चॅड हंडेबी व महिलांत ऑस्ट्रेलियाची शेली टेलर-स्मिथ विजयी झाली. लांब पल्ल्याच्या पोहण्यात टेलर-स्मिथचे कर्तृत्व असे की, त्या काळी स्त्री-पुरुषांच्या एकत्रित जागतिक क्रमवारीत तिने पहिले स्थान मिळविले होते. पुढे ५ व १० किलोमीटरच्या शर्यती सुरू झाल्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० किलोमीटरच्या शर्यतीला स्थान मिळाले आणि खुले पाणी शतकानंतर पुन्हा ऑलिंपिकमध्ये आले.

ही शर्यत चालते कशी, हे समजून घेणे उद्बोधक आहे. वीस-पंचवीस स्पर्धक एकाच वेळी पाण्यात झेप घेतात. प्रत्येकाच्या मनगटावर वेळ मोजणारे छोटे यंत्र असते. मोठमोठ्या रंगीत तरंगत्या खुणांना वळसे घालीत ठरावीक फेऱ्या पुऱ्या करावयाच्या असतात. तळाशी रेघ नसल्याने काही हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून दिशा पाहावी लागते. मगर जसे केवळ डोळे वर ठेवते, तसेच हे असते. मान फार उचलली तर कंबर खाली जाते आणि वेग मोडतो. पुढच्याच्या पायांमागे राहिल्यास पाण्याचा रोध कमी लागतो, म्हणून कसलेले जलतरणपटू बराच वेळ दुसऱ्याच्या मागे राहून बळ राखून ठेवतात. मार्गात एक तरंगता मंच असतो. त्यावर उभे राहून प्रशिक्षक लांब काठीच्या टोकाला लावलेला पेला पुढे करतात. जलतरणपटू उताणा होतो, दोन घोट घेतो आणि काही क्षणांत पुन्हा हात मारू लागतो. कोणी दुसऱ्याला अडविले, ओढले, तर पंच नावेतून इशारा देतात आणि पुन्हा तसे घडल्यास स्पर्धेबाहेर काढतात. शेवटी वर टांगलेल्या फळीवर हात आपटला की शर्यत संपते.

बीजिंगच्या पहिल्याच शर्यतीने या प्रकाराचे वेगळेपण जगापुढे आणले. पुरुषांत नेदरलँड्सचा मार्टेन व्हॅन डर वेईडेन जिंकला. २००१ मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचारांतून उठून तो पुन्हा पाण्यात उतरला आणि सात वर्षांनी ऑलिंपिक विजेता झाला. ब्रिटनच्या डेव्हिड डेव्हिसला रौप्य व जर्मनीच्या थॉमस लुर्त्सला कांस्य मिळाले. महिलांत ब्रिटनच्या केरी-अ‍ॅन पेन व कॅसँड्रा पॅटन बहुतेक अंतर पुढे होत्या. रशियाची लारिसा इल्चेंको त्यांच्या मागोमाग राहिली आणि अगदी अखेरीस मुसंडी मारून तिने सुवर्ण मिळविले. त्याच शर्यतीत सोळाव्या क्रमांकावर आलेली दक्षिण आफ्रिकेची नताली ड्यू टॉइट हिला एक पाय नव्हता. २००१ च्या अपघातात तो गेला होता. दोन पायांच्या स्पर्धकांबरोबर, कोणतीही सवलत न घेता, ती दहा किलोमीटर पोहली. अशा जिद्दीचे उदाहरण शोधण्यासाठी बेळगावकरांना आफ्रिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. हाडे काचेसारखी ठिसूळ असण्याच्या व्याधीसह जन्मलेल्या बेळगावच्या मोईन जुन्नेदीने तलावातल्या सरावाच्या बळावर दिव्यांगांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळविली आहेत.

लंडन येथे २०१२ मध्ये हाइड पार्कमधील सर्पेंटाइन तळ्यात शर्यत झाली. ट्युनिशियाच्या उसामा मल्लुलीने ती जिंकली. चार वर्षांपूर्वी त्याने तलावातील १५०० मीटर शर्यतीचे सुवर्ण मिळविले होते. तलाव आणि खुले पाणी या दोहोंत ऑलिंपिक सुवर्ण मिळविणारा तो पहिला. महिलांत हंगेरीची एवा रिश्तोव विजयी झाली. याच शर्यतीत ब्राझीलच्या पोलियाना ओकिमोतोला अंग गारठल्यामुळे मध्येच पाण्याबाहेर यावे लागले होते. चार वर्षांनी रिओ येथे कोपाकबानाच्या समुद्रात ती चौथी आली. परंतु दुसऱ्या आलेल्या फ्रान्सच्या ऑरेली म्युलरने अंतिम फळीपाशी इटलीच्या राकेले ब्रुनीला अडविल्याचे ठरून ती बाद झाली आणि ओकिमोतोच्या गळ्यात कांस्यपदक पडले. वेळीच पाण्याबाहेर येण्याचा निर्णय घेणारी स्पर्धक चार वर्षांनी पदक घेऊन गेली. माघार घेणे म्हणजे पराभव असे मानणाऱ्या तरुणांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

रिओचे महिला सुवर्ण नेदरलँड्सच्या शेरॉन व्हॅन राउवेंडालने मिळविले. टोकियोत तिला रौप्य मिळाले व २०२४ मध्ये पॅरिस येथे तिने पुन्हा सुवर्ण जिंकले. टोकियोची विजेती ब्राझीलची आना मार्सेला कुन्या. बीजिंगला सोळाव्या वर्षी ती पाचवी आली होती. लंडनसाठी तिची निवडच झाली नाही. रिओत ती दहावी आली. २०२१ मध्ये, पहिल्या ऑलिंपिकनंतर तेरा वर्षांनी, तिला सुवर्ण मिळाले. खुल्या पाण्यात वय व अनुभव यांना मोठे मोल आहे, कारण पाणी वाचण्याची कला एका हंगामात येत नाही. पुरुषांत टोकियोचा विजेता जर्मनीचा फ्लोरियन वेलब्रॉक. यानेच पुढे २०२५ च्या सिंगापूर जागतिक स्पर्धेत खुल्या पाण्याची चार सुवर्णपदके पटकाविली.

पॅरिसच्या शर्यतीतील एक बाब या भागातील श्रोत्यांना विशेष जवळची वाटेल. सीन नदीला त्या दिवसांत चांगलीच ओढ होती. प्रवाहाच्या दिशेने जाताना स्पर्धक नदीच्या मध्यभागी राहत आणि उलट येताना काठाच्या भिंतीला अगदी लगटून पोहत, कारण काठाशी ओढ कमी असते. वेदगंगेत किंवा घटप्रभेत वाढलेल्या कोणत्याही पोहणाऱ्याला ही गोष्ट कोणी शिकविलेली नसते, तरी ती ठाऊक असते. जगातील उत्तमोत्तम प्रशिक्षक जे नकाशे मांडून समजावीत होते, ते येथील नदीकाठच्या माणसाच्या अंगवळणी पडलेले आहे.

पॅरिसच्या त्या शर्यतीत पुरुषांचे सुवर्ण हंगेरीच्या क्रिश्तोफ रासोव्स्कीला मिळाले आणि कांस्यही हंगेरीच्याच डेव्हिड बेतलेहेमला. टोकियोत रासोव्स्की दुसरा होता. १८९६ चा हायोश हंगेरीचा, २०१२ ची रिश्तोव हंगेरीची. आता नकाशा पाहावा. हंगेरीला समुद्रच नाही. चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला हा लहानसा देश खुल्या पाण्यातील पदके कशी मिळवितो, हा प्रश्न सीमाभागातील रसिकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

त्याच्या उत्तराचा एक भाग बालाटन सरोवराच्या काठी सापडतो. तेथे दरवर्षी सरोवर पोहून पार करण्याचा सोहळा भरतो. अंतर सुमारे ५.२ किलोमीटर असते. हजारो स्त्री-पुरुष, त्यांत शाळकरी मुले आणि आजोबाही, त्यात भाग घेतात. बहुतेकांना पदकाची आशा नसते. पोहण्याच्या मार्गाच्या दोन्ही अंगांना नावांची रांग उभी केलेली असते. दमलेल्या माणसाने हात वर केला की नाव जवळच असते. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रकृतीची तपासणी होते. वारा वाढला किंवा पाणी गार असले तर कितीही लोक जमलेले असोत, सोहळा पुढे ढकलला जातो. जेथे सामान्य माणूस निर्धास्तपणे पाच किलोमीटर पोहतो, तेथेच दहा किलोमीटरचा विजेता घडतो. समुद्राची उणीव त्या देशाने व्यवस्थेने भरून काढली आहे.

व्यवस्था ढिली पडली की काय होते, हेही याच खेळाच्या इतिहासाने दाखविले आहे. अमेरिकेचा फ्रॅन क्रिपेन हा २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेतील १० किलोमीटर शर्यतीचा कांस्यपदक विजेता. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे विश्वचषक मालिकेची शर्यत होती. पाणी अतिशय उष्ण होते. शर्यत संपली, इतर स्पर्धक किनाऱ्याला लागले, तेव्हा क्रिपेन आलेला नाही हे सहकाऱ्यांच्या लक्षात आले. त्याचा देह काही वेळाने पाण्याखाली सापडला. तो सव्वीस वर्षांचा होता. जगातील अव्वल जलतरणपटू, आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आणि तरीही तो बुडाला तेव्हा त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. या घटनेनंतर पाण्याच्या तापमानाला खालची १६ व वरची ३१ अंश सेल्सिअस अशी मर्यादा घालण्यात आली आणि सुरक्षेचे नियम कडक झाले. पाण्याच्या स्वच्छतेबाबतही तीच दक्षता घेतली जाते. पॅरिसमध्ये सीनचे पाणी दूषित आढळल्याने सरावाची सत्रे रद्द झाली आणि २०२५ मध्ये सिंगापूर येथे शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या.

भारतातही खुल्या पाण्याच्या स्पर्धांची जुनी परंपरा आहे. बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यात भागीरथी नदीत ८१ किलोमीटरची शर्यत होते व तीत परदेशी जलतरणपटूही उतरतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चोरवाड ते वेरावळ ही स्पर्धा स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नावाने भरते. मार्सेलिस बंदरात त्यांनी ८ जुलै १९१० रोजी घेतलेल्या उडीचे ते उचित स्मारक म्हणता येईल. मुंबईत सनक्रॉक ते गेटवे ऑफ इंडिया ही शर्यत व धरमतर ते गेटवे हा मार्ग सर्वांना परिचित आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरही राज्यस्तरीय सागरी स्पर्धा भरविली जाते. एवढे असूनही २००८ पासून २०२४ पर्यंतच्या पाच ऑलिंपिकमध्ये दहा किलोमीटरच्या शर्यतीत एकही भारतीय उतरू शकलेला नाही. खाड्या पोहणाऱ्यांचे धैर्य आपल्याकडे उदंड आहे. दोन तास सतत वेगाने पोहण्याची तयारी मात्र लहानपणापासून तलावात आखीव सराव झाल्याखेरीज येत नाही. तलावाचा वेग आणि नदीचे ज्ञान एका ठिकाणी आले, तरच पदकाची भाषा करता येईल.

या दृष्टीने निपाणी-बेळगावचा परिसर भाग्यवान आहे. बेळगाव शहरात गोवावेसचा तलाव व सुवर्ण जेएनएमसी तलाव आहे, म्हणजे शास्त्रशुद्ध सरावाची सोय आहे. घटप्रभेवर हिडकलचा व मलप्रभेवर नविलतीर्थचा विस्तीर्ण जलाशय आहे. निपाणीहून राधानगरी, दाजीपूर, फोंडा असा देवगडचा रस्ता थेट समुद्राला भिडतो. बेळगावहून आंबोली घाट उतरला की सावंतवाडी-मालवण आणि चोर्ला घाट उतरला की गोवा. शेजारच्या कोल्हापूरने वीरधवल खाडे यांच्यासारखा ऑलिंपिकपटू दिला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी भारताला चोवीस वर्षांनी जलतरणाचे पदक मिळवून दिले. हंगेरीपाशी जे आहे, त्यांतील पाण्याचा भाग येथे आहेच. किंबहुना समुद्र अधिक जवळ आहे.

पण पाण्याची दुसरी बाजूही याच भागाने अनुभवली आहे. वेदगंगा भुदरगड तालुक्यातील डोंगरांत उगम पावते, पाटगावच्या धरणातून निघते आणि निपाणीजवळून वाहत दूधगंगेला मिळते. दूधगंगा पुढे कृष्णेत जाते. वरच्या अंगाला पाऊस झाला वा धरणाचे पाणी सुटले की खाली ऊन असतानाही नदी वाढते. ऑगस्ट २०१९ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले व पुणे-बंगळूर वाहतूक बंद पडली. जुलै २०२१ मध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला वरून शांत दिसणारे पाणी गोल फिरत असते आणि माणसाला आत ओढते. तेथे पट्टीचा पोहणाराही सापडतो. गणेश विसर्जनाच्या वेळी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, सहलीला गेलेल्या तरुणांच्या बाबतीत ज्या दुःखद बातम्या वाचाव्या लागतात, त्यांत पोहता न येणारे असतात तसेच पोहता येते असा भरवसा बाळगणारेही असतात.

आणि विहिरी कमी होत आहेत. कित्येक बुजल्या, कित्येकींवर जाळी बसली, कित्येकींत कूपनलिकांमुळे पाणी उरले नाही. मुलाला सुट्टीत पोहायला शिकविणारा आजोबा किंवा चुलताही आता शहरात कामाला आहे. परिणामी एक अख्खी पिढी नदीकाठी राहून पोहण्यावाचून वाढत आहे, आणि जी मुले शिकतात त्यांतील अनेक काठावरच्या माणसावाचून शिकत आहेत. पदकांपेक्षाही मोठी हानी ती हीच.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक गावाने पायऱ्या असलेली, स्वच्छ पाण्याची एक विहीर किंवा तळे निवडावे आणि सुट्टीत ठरावीक वेळी दोन जाणत्या पोहणाऱ्यांच्या देखरेखीखाली मुलामुलींना शिकवावे. मुलींना वेगळी वेळ व महिला शिक्षिका मिळाल्यास त्यांची संख्या निश्चित वाढेल. शिकविण्याचा प्रारंभ हात मारण्याने न करता पाण्यावर उताणे पडून राहण्याने करावा. दमलेल्याचा जीव तेवढ्यानेच वाचतो. काठावर लांब दोर, बांबू आणि हवा भरलेली ट्यूब कायम ठेवावी. कोणी बुडत असेल तर प्रथम दोर फेकावा, बांबू पुढे करावा. घाबरून मिठी मारणाऱ्याजवळ उघड्या हातांनी जाण्याचे धाडस शिक्षणावाचून करू नये. बंधाऱ्यांची व डोहांची धोक्याची ठिकाणे गावातील वृद्धांना ठाऊक असतात. त्यांची नोंद करून तेथे ठळक फलक लावावेत.

युवक मंडळांनी जलाशयात किंवा नदीत स्पर्धा भरविण्याचा उत्साह दाखविल्यास तो स्वागतार्ह आहे. तथापि काही पथ्ये अनिवार्य मानावीत. जलसंपदा खाते, पोलीस व स्थानिक प्रशासन यांची अनुमती असावी. ठरावीक अंतर तलावात ठरावीक वेळेत पोहून दाखविल्यावाचून कोणासही प्रवेश देऊ नये. नावांची संख्या पुरेशी नसल्यास स्पर्धकांची संख्या कमी करावी. प्रत्येकाच्या डोक्यावर दुरून दिसणारी रंगीत टोपी व तीवर क्रमांक असावा. पाण्यात किती उतरले आणि बाहेर किती आले, याची मोजदाद एका जबाबदार व्यक्तीकडे सोपवावी आणि शेवटचा स्पर्धक काठाला लागेपर्यंत बक्षीस समारंभाला हात घालू नये. क्रिपेनच्या मृत्यूने जगाला जो धडा दिला तो इतका साधा आहे.

जी मुले या पायरीवरून पुढे जातील, त्यांना तलावातील प्रशिक्षकांकडे पाठवावे. शाळकरी वयात आखीव सराव, पुढे मालवण किंवा मुंबईच्या सागरी स्पर्धांचा अनुभव, आणि त्यानंतर राष्ट्रीय पातळी, असा क्रम राहावा. साहसी जलतरणाची दखल केंद्र शासन तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्काराने घेते आणि महाराष्ट्र शासनाच्या शिवछत्रपती पुरस्कारांतही साहसी क्रीडा प्रकाराचा समावेश आहे. पुरस्कारापर्यंत पोहोचणारे थोडेच असतील. परंतु त्या वाटेवर जी शेकडो मुले निर्भयपणे आणि जपून पोहायला शिकतील, त्यांतील एखादे पुढच्या महापुरात शेजाऱ्याच्या उपयोगी पडेल.

श्रोतेहो, येत्या उन्हाळ्यात आपल्या गावच्या विहिरीवर मुले जमतील तेव्हा घरातील एका जाणत्या माणसाने कामातून तासभर काढावा, दोरीचे टोक हातात धरावे आणि शेवटचे पोर बाहेर येईपर्यंत काठ सोडू नये. या भागात खुल्या पाण्याचे पदक यायचे असेल, तर ते त्याच काठावरून येईल.